पहिला शब्द

सगळं झालं ते एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली. त्या वर्षाची दुसरी कुठलीच गोष्ट मला आता धड सांगता येणार नाही. कोण निवडून आलं, काय महागलं, थंडी किती पडली, सगळं पुसट झालं आहे. पण एका मंगळवारी संध्याकाळी मी तालमीहून घरी आले आणि दाराबाहेर दादाचे बूट दिसले, ते बूट मात्र अजून जसेच्या तसे डोळ्यांपुढे आहेत. काळे, पॉलिश केलेले, टाचा भिंतीला लावून ठेवलेले, नाड्या नीट आत सारलेल्या. दादा यायचा तो रविवारी, आणि तोही एखाद्याच. मंगळवारी तो कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत असायचा. बुटांशेजारी वहिनीच्या चपला होत्या. मी किल्ली हातात धरून जिन्यात उभी राहिले. आतून आवाज येत नव्हता, आणि दादा घरात असताना आवाज नसणं ही काही चांगली खूण नव्हती. आईला काही झालं असतं तर धावपळ ऐकू आली असती, दार उघडं असतं, शेजारपाजारचं कुणीतरी जिन्यात असतं. म्हणजे आईला काही झालेलं नव्हतं. आईचं काहीतरी ठरलेलं होतं. किल्ली फिरवण्याआधीच मला हे कळलं, आणि तरी मी आधी वाकून माझे सँडल काढले आणि त्याच्या बुटांना लागणार नाहीत असे लांब ठेवले.

मी तेव्हा एका नाटकमंडळीत प्रॉम्प्टर होते. हे काम काय असतं ते आता सांगावं लागतं. विंगेत, पडद्याच्या घडीला लागून एक स्टूल, त्यावर मी, मांडीवर नाटकाची वही, आणि वर टोपी चढवलेला इवलासा दिवा, म्हणजे उजेड फक्त कागदावर पडावा. नट अडला की त्याला शब्द द्यायचा. अख्खं वाक्य द्यायचं नाही. अख्ख्या वाक्यानं नट बावचळतो; पहिला शब्द दिला की उरलेलं वाक्य त्याच्या तोंडात आपसूक येतं. आवाज असा हवा की नटाला ऐकू जावा आणि पहिल्या रांगेला जाऊ नये. पण खरी विद्या आवाजात नव्हती, ती गप्प राहण्यात होती. नट थांबला तर तो विसरला म्हणून थांबला की थांबायचं म्हणून थांबला, हे डोळ्याचं पातं लवायच्या आत ओळखावं लागे. आमच्या मुख्य नटाला सगळे ‘सरकार’ म्हणत. माझ्या पहिल्याच वर्षी त्यांच्या एका भरलेल्या स्तब्धतेत मी घाईनं शब्द दिला. अंक संपल्यावर ते विंगेत आले ते लालबुंद होऊन. ‘‘बाई, तो विराम होता, विराम! महिनाभर घोटलाय मी तो. खडा टाकलात त्यात.’’ दुसऱ्या दिवशी ते त्याच जागी थांबले. मी ओठ मिटून बसले. ते थांबलेलेच. कपाळावर घामाचे थेंब आले, शेवटी समोरच्या नटीनं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आत आल्यावर सरकार पुन्हा माझ्याच अंगावर. ‘‘झोपला होतात का?’’ मी म्हटलं, ‘‘मला वाटलं, विराम आहे.’’ ‘‘विराम काल होता!’’ त्यानंतर मी नटांचे चेहरे बघणंच सोडलं. चेहरा शिकवलेला असतो. मी पाय बघू लागले. विसरलेल्या माणसाचे पाय त्याच्याआधी घाबरतात. बुटाच्या आत बोटं आवळली जातात आणि चवडा किंचित उचलला जातो. विराम घेणाऱ्याचे पाय मात्र जमिनीवर झोपलेले असतात. हे एकदा कळल्यावर माझी चूक क्वचितच झाली, आणि सरकारसुद्धा प्रयोगाआधी विंगेकडे बघून मान हलवू लागले. मात्र या कामाची एक खोड अंगाला लागते ती सुटत नाही. दुकानात पुढचं गिऱ्हाईक ‘‘मला ते हे द्या, ते…’’ म्हणून अडलं की मी मागून म्हणणार, ‘‘चाळणी.’’ पोस्टातला कारकून, डॉक्टर, बसमधला अनोळखी म्हातारा, कुणीही अडलं की माझ्या तोंडून शब्द गेलाच. मी ठरवून देत नसे. अंगावर येणारा चेंडू हात झेलतो, तसंच.

दादाला शब्द द्यायची वेळ कधी कुणावर आली नाही. शाळेपासून तो वादविवादात पहिला. घरी सरावासाठी त्याला विरुद्ध पक्ष लागायचा आणि घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. जेवणं झाली की टेबल आवरायचं, बाबा पेल्यावर चमचा वाजवायचे, आणि आम्ही समोरासमोर उभे राहायचो. विषय असायचे ‘शहर बरं की खेडं’, ‘विद्या मोठी की अनुभव’ असले. तो मला म्हणे, ‘‘तू खेडं घे.’’ मी खेडं घ्यायची आणि मला ते मनापासून पटायचं. झाडं, विहीर, ओळखीची माणसं. मी ते सगळं उभं करी आणि तो माझं एखादंच वाक्य चिमटीत धरून उचली, थोडं वाकडं करून बाबांना दाखवी. ‘‘म्हणजे विरुद्ध पक्षाचं म्हणणं असं, की दवाखाने नसले तरी चालतील!’’ मी कुठे असं म्हटलं होतं? ‘‘मी नाही असं म्हटलं,’’ मी किंचाळे. ‘‘बघा,’’ तो शांतपणे म्हणे, ‘‘मुद्दे संपले की आवाज चढतो.’’ बाबा हसत. मला घरात ‘टिटवी’ हे नाव पडलं ते तेव्हाच. आणि मग, मी डोळे पुसत असताना, तो म्हणे, ‘‘चल, आता मी खेडं घेतो,’’ आणि माझीच झाडं, माझीच विहीर घेऊन मला पुन्हा हरवी. मला तेच सगळ्यात जास्त लागायचं. हरण्याचं तितकं नाही, पण माझी विहीर त्याच्या तोंडून माझ्याहून खोल वाटायची. आई कोपऱ्यात दिव्याखाली लोकांचे कोट दुरुस्त करत बसलेली असायची. शिवणकामावर आमचं अर्धं घर चालायचं. ती वर न बघता म्हणायची, ‘‘जिंकलास ना? मग आता आपलं ताट आपण धू.’’ आणि मला म्हणायची, ‘‘बोलणाऱ्याची बोरंसुद्धा खपतात, गप्प बसणाऱ्याचे गहू पडून राहतात. तू रडू नकोस, बोलायला शीक.’’ मी शिकले ते दुसऱ्यांना बोलतं करायला. टिटवी विंगेत बसून श्वासानं बोलू लागली, याची गंमत बाबांना वाटली असती, पण तोवर ते गेले होते.

दार उघडलं तेव्हा दादा जेवणाच्या टेबलाशी बसला होता, माझ्या खुर्चीवर. टेबलावरचं कापड जमिनीला टेकेल इतकं खाली आलेलं होतं. आईनं कधीतरी ते एका बाजूनं ओढून ठेवलं असावं. वहिनी त्याच्या शेजारी, पर्स मांडीवर धरून. आई खिडकीशी आरामखुर्चीत, हातात एक नॅपकिन. ती त्याची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. मला बघून ती हसली. त्या दिवसांत ती सगळ्यांनाच बघून हसायची. दादानं थोडक्यात सांगितलं. दुपारी मी तालमीला गेल्यावर आई घराबाहेर पडली होती. घरातल्या सपाता घालून ती रस्ते ओलांडत थेट दादाच्या जुन्या शाळेपाशी गेली आणि फाटकाशी उभी राहिली. शाळा सुटायची वेळ होती. तिथल्या पहारेकऱ्यानं विचारलं तर म्हणाली, मुलाला न्यायला आलेय, आज त्याची स्पर्धा होती. नशिबानं पहारेकरी जुना होता. त्यानं नाव ओळखलं आणि कॉलेजात फोन केला. मी हे ऐकून आईकडे बघितलं. तिच्या सपातांना चिखल लागला होता आणि कुणीतरी, बहुधा वहिनीनं, तो अर्धवट पुसला होता. दादा म्हणाला, ‘‘तू आधी बस.’’

‘‘मी उभी बरी आहे.’’

‘‘बघ, तू भांडायच्या तयारीनंच आली आहेस.’’

मी बसले. बसले म्हणजे पहिली खेळी त्याची झाली. तो म्हणाला की त्यानं एक जागा बघितली आहे. शहराबाहेर, बाग असलेली, अशाच म्हाताऱ्या माणसांसाठीची. तिथे नर्सेस आहेत, डॉक्टर आहेत. मी म्हटलं, ‘‘आई इथेच राहील. मी दुपारच्या तालमी सोडते.’’ ‘‘म्हणजे प्रयोगांच्या वेळी तिनं एकटीनं रस्त्यावर फिरावं, असं तुझं म्हणणं?’’ ‘‘असं मी कुठे म्हटलं?’’ ‘‘मग कसं म्हणतेस? मी ऐकतोय.’’ आणि तो खरोखरच ऐकायला बसल्यासारखा पुढे झुकला. त्याचं ते ऐकणं मला चांगलं माहीत होतं. मांजर बिळापाशी ऐकतं तसं. मी म्हटलं, एखादी बाई ठेवू. तो म्हणाला, डॉक्टरांचं मत वेगळं आहे. ‘‘कुठले डॉक्टर?’’ मी विचारलं. ‘‘आता तुझा डॉक्टरांवरही विश्वास नाही का?’’ मी म्हटलं, आई घरात खूश असते. ‘‘एक उदाहरण दे.’’ मी सांगितलं की ती सकाळी माझ्याबरोबर गाणी म्हणते. ‘‘एका उदाहरणावरून काय सिद्ध होतं?’’ मग मी तिच्या आवडीच्या खिडकीचं सांगितलं, खालच्या कुत्र्याचं सांगितलं, तिला हातानं ओळखता येणाऱ्या कपाटांचं सांगितलं. तो वहिनीकडे वळून हळूच म्हणाला, ‘‘किती साठवून ठेवलंय बघ हिनं.’’ मी म्हटलं, ‘‘दादा, तू माझं ऐकूनच घेत नाहीस.’’ तो म्हणाला, ‘‘अगं, ओरडू नकोस.’’ ‘‘मी ओरडत नाहीये!’’ ‘‘बरं, नाही ओरडत,’’ तो इतक्या समजुतीनं म्हणाला, की वहिनी उठली आणि तिनं रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. मग म्हणाली, ‘‘मी चहा टाकते. ताई, तुम्ही पण जरा शांत व्हा,’’ आणि आत गेली.

खिडकी लावल्यावर खोली लहान झाली. आई घडी घालतच होती. दादानं चष्मा काढला. ‘‘टिटवे,’’ तो म्हणाला, कितीतरी वर्षांनी त्यानं मला त्या नावानं हाक मारली, ‘‘मी तुझ्याच बाजूचा आहे. एक खरं सांग. आई गेली तर या घरात आपण एकट्या पडू, हीच भीती आहे ना तुला?’’ ते खरं होतं. प्रयोग संपवून घरी यायचं आणि कुणीतरी आत श्वास घेत असायचं, कुणाच्या तरी अंगावरचं पांघरूण सारखं करायचं, एवढ्यावर माझे दिवस उभे होते. ‘‘म्हणजे हे तिच्यासाठी नाहीच,’’ तो म्हणाला. ‘‘तुझ्यासाठी आहे.’’ मला म्हणायचं होतं की दोन्ही खरं असू शकतं. मला ती हवी आहे आणि तिला हे घर हवं आहे, या दोन गोष्टी एका छपराखाली नांदतात. पण दादाच्या वादात एक खरं निघालं की दुसरं आपोआप खोटं ठरायचं. मी शब्द जुळवत असतानाच तो पुढे बोलू लागला, आणि त्याचा आवाज बदलला. ‘‘तुला माहीत नाही मी आज काय बघितलं. मुलं सुटली होती, आई एकेकाचा चेहरा बघत होती. मी जवळ गेलो. हात धरला. म्हटलं, आई, मीच तो. तिनं हात सोडवून घेतला. माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणी…’’

तो थांबला.

आणि माझ्या तोंडून गेलं, ‘‘परका.’’ विंगेतल्या आवाजात, नुसत्या श्वासात, समोरच्या माणसाला ऐकू जाईल आणि पलीकडे जाणार नाही असं. देण्याआधी मी काही विचार केला नव्हता. तो अडला होता, मी शब्द दिला. दादानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. ‘‘परका,’’ तो म्हणाला. ‘‘बरोबर. बघ, हा शब्द तूच वापरलास. माझा धीर झाला नसता.’’

‘‘मी म्हटलं नाही. तू अडलास म्हणून तुला शब्द दिला.’’

‘‘पण शब्द होता कुणाचा? माझ्या तोंडात नव्हता. तुझ्या मनात होता, म्हणून आला.’’ आणि मग वाक्य आपसूक आलं, पहिला शब्द मिळाल्यावर येतं तसं. मुलगा परका झाला तर मुलगीही होणारच, आज नाही तर उद्या. आणि परक्यांनीच सांभाळायचं असेल तर शिकलेल्या, सवय असलेल्या परक्यांनी का नाही? त्याच्या बोलण्यात आता कुठेच थांबा नव्हता. वहिनी चहा घेऊन आली. ‘‘काय ठरलं?’’ ‘‘टिटवीनं स्वतःच मान्य केलं,’’ दादा म्हणाला. ‘‘बरं झालं बाई,’’ वहिनी म्हणाली, ‘‘साखर कुणाला कमी?’’ खिडकीशी बसलेल्या आईनं हात वर केला. शाळेतल्या मुलीसारखा. आम्ही तिघंही हसलो, आणि त्या हसण्यात माझा होकार धरला गेला. हसणारी बाई नंतर कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?

त्यानंतरच्या रविवारी आईला नेलं. तिची आरामखुर्ची तिच्याबरोबर गेली; फरशीवर चार पायांचे फिकट ठसे राहिले, आणि मी ते पुसले तरी जात नव्हते. त्या दिवसांत मी सबंध संध्याकाळ तो एक क्षण उलटापालटा करून बघत असे. तो खरंच अडला होता का? शाळेच्या फाटकाशी आईनं हात सोडवून घेतला, हे आठवून त्याला पुढचा शब्द सापडत नव्हता, आणि मी त्याच्या दुःखाच्या मध्येच बोलले होते? की त्याला पक्कं माहीत होतं की मी कुणाला अडलेलं बघू शकत नाही, आणि त्यानं ती जागा माझ्यासाठी मोकळी ठेवली होती, पुढचं पाऊल मीच त्यात टाकावं म्हणून? त्याचा चेहरा मी शंभरदा आठवला. डोळे ओले होते. पण चेहरा शिकवलेला असतो. आणि पाय टेबलाखाली होते, जमिनीपर्यंत आलेल्या कापडाआड. जिथे बघून मला कळलं असतं तेवढंच झाकलेलं होतं. पहिलं असेल तर माझ्या भावाला मी सबंध आयुष्यात एकदाच खरं बोलताना ऐकलं आणि त्याला शत्रू समजले. दुसरं असेल तर मला आणखी जड जातं, कारण मला इतकं जवळून ओळखणारं माणूस जगात दुसरं कुणी नव्हतं. आपल्याला कुणीतरी असं आतून ओळखावं, ही माणसाची केवढी मोठी भूक असते. आणि माझी ती भूक भागली ती अशी.

मंडळी पुढे चार वर्षांत बंद पडली. सरकार शेवटी शेवटी माझ्याकडे कान लावूनच उभे राहायचे. मग ते मुलाकडे परगावी गेले आणि तिथेच वारले. मी एका शाळेच्या ग्रंथालयात लागले. तिथे कुणाला काही सुचवायची सोय नव्हती. मुलं गप्प बसून वाचत. दादा प्राचार्य झाला. रेडिओवर चर्चेच्या कार्यक्रमांत त्याला बोलावत आणि समोरचा बोलायचा थांबला की मी घरात एकटीच बसलेली असताना माझे ओठ हलत. एकदा, खूप वर्षांनी, त्याच्या आजारपणात मी त्याला विचारलं, ‘‘त्या दिवशी तू खरंच अडला होतास का रे?’’ त्यानं उशीवर डोकं माझ्याकडे वळवलं. म्हणाला, ‘‘तुला काय वाटतं?’’ मी म्हटलं, ‘‘मी तुला विचारतेय.’’ ‘‘विचारतेस, म्हणजे उत्तर तुझ्याजवळ असणार.’’ त्याच महिन्यात तो गेला. शोकसभेत लोकांनी सांगितलं की त्याला वादात हरवणारा कुणी जन्मला नाही. वहिनीला मी नंतर विचारलं, तेव्हा ती म्हणाली, ‘‘ताई, मी चहा टाकायला गेले होते ना. मला काय माहीत?’’ ती आता तिच्या भाचीकडे असते, दर शनिवारी फोन करते, हवेचं बोलते, पायांचं बोलते. मी त्याच घरात आहे.

आणि आई. आई तिथे चांगली राहिली. हे लिहिताना अजून हात थोडा अडतो, पण राहिली. तिचं वजन वाढलं, गालांवर रंग आला. बागेत तिचा एक बाक ठरलेला होता आणि एक मैत्रीणही, पोस्टातून निवृत्त झालेली, ठेंगणी, तिखट कानांची. दादानं सांगितलेलं सगळंच खरं निघालं. खोट्या वाटेनं जाऊन तो बरोबर ठिकाणी पोचला होता, आणि त्यामुळे मला त्याच्यावर धड रागावताही आलं नाही. मी नेमानं जात असे, दोन बसगाड्या बदलून. सुरुवातीला ती मला नावानं हाक मारायची, मग नर्स समजायची, मग कुणीच नाही. शेवटच्या वर्षातली एक दुपार. त्या दोघी बाकावर बसल्या होत्या. मी समोर उभी राहिले. पोस्टातल्या बाईनं विचारलं, ‘‘ही कोण गं?’’ आईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग तिच्या कानाशी तोंड नेऊन, मला वाईट वाटू नये म्हणून अगदी हळू, म्हणाली, ‘‘नेहमी येते ही. घरी कुणी नसावं बिचारीला. सरक जरा, बसू दे.’’ ती सरकली. दोघींच्या मध्ये जागा झाली, आणि मी बसले.